भाऊजींच्या फोनचा पोशाख

अख्ख्या नागपुरात आमच्या भाऊजींइतका वस्तूंना कपडे घालणारा माणूस झाला नाही, हे मी कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या ताईचे यजमान. नवं यंत्र बाजारात आलं की त्यांना झोप लागत नसे. पण खरा जीव यंत्रापेक्षा त्याच्या पेहरावात. मनगटी घड्याळाच्या काचेवर त्यांनी प्लास्टिकचं झाकण बसवलं आणि झाकणावर रुमाल बांधला. मग वेळ बघायची तर रुमाल सोडणं आलं, म्हणून ते रस्त्यात भेटेल त्यालाच किती वाजले ते विचारत. सायकलला दोन आरसे, दोन घंट्या, डायनॅमो आणि सीटवर झालरीची गादी. एवढं लेणं अंगावर घेऊन ती बिचारी चढावर चढेना, तेव्हा खाली उतरून तिला ढकलताना भाऊजींच्या चेहऱ्यावर वरातीतल्या बापाचा अभिमान असे. ट्रान्झिस्टर चामडी पिशवीत, पिशवी ताईच्या जुन्या लुगड्याच्या खोळीत; त्यामुळे त्यांच्या घरी लावलेल्या बातम्या कुणीतरी गोधडीत तोंड घालून दिल्यासारख्या ऐकू येत. आणि उन्हाळ्यात त्या ट्रान्झिस्टरशेजारी एक कांदा ठेवलेला असे. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "साळेबुवा, हसू नका गा. आपण उन्हाची लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतो न? मंग त्याले काहून नाही लागणार? त्याच्या आतल्या वायरी तं आपल्यापेक्षा नाजूक हायेत."

अशा माणसाने टेलिफोनसाठी अर्ज केला. त्यांची सुमन तेव्हा परकर नेसून शाळेत जायची. फोन आला तोवर ती लग्न होऊन राउरकेल्याला गेली होती. मधली सगळी वर्षं भाऊजींनी फोनचा पोशाख जमवण्यात घालवली. क्रोशाचा रुमाल झाला, रिसीव्हरच्या तोंडाशी चिकटवायची सुगंधी चकती झाली, आणि ऑफिसातल्या फोनच्या मापाने इतवारीतल्या सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. पेटीला मजबूत कुलूप आणि पुढे जाळी. "घंटी ऐकू आली पाहिजे न, अन् त्याले हवाही लागली पाहिजे." किल्ली त्यांच्या करगोट्याला. ती मागायची तर भाऊजींनाच गाठावं लागे. ताई वैतागून म्हणाली, "अवो, फोन आणला का देव बसवला?" भाऊजींना ती स्तुतीच वाटली.

त्याच साली सुमनला टायफॉइड झाला. जावयाची तार आली, आता बरी आहे, काळजी नको, येऊ नका. ताईचा त्या तारेवर काडीचा विश्वास बसेना. "बरी असन तं येऊ नका काहून म्हणते? मले माह्या पोरीचा आवाज ऐकू द्या, मंगच मी मानीन." मग दुसरी तार आली की शनिवारी सकाळी अकराला सुमन स्वतः ट्रंक कॉलवर बोलेल. ताईने होल्डॉल बांधून दाराशी ठेवला. आवाज ऐकू आला नाही, तर संध्याकाळच्या गाडीने निघायचं असं ठरलं. तिचा चेहरा उतरला होता, तिला धीर यावा म्हणून मी शनिवारी सकाळीच त्यांच्याकडे जाऊन बसलो.

इकडे भाऊजींच्या मनात वेगळंच. पोरीचा पहिला फोन, आणि पेटीत आतून साधं खादीचं अस्तर! त्यांनी पायात चपला अडकवल्या. "गांधीबागेतून वारभर मखमल घेऊन येतो. ट्रंक कॉल कधी टायमावर आला हाय का?" आणि करगोट्यातल्या किल्लीसकट ते बाहेर पडले.

त्या दिवशी ट्रंक कॉल टायमाच्या आधी आला.

घंटी वाजू लागली तशी ताई पेटीला बिलगली. जाळीतून फोन दिसत होता, हात पोचत नव्हता. मी केसातली पिन मागून कुलपाशी झटापट करू लागलो. ताई दोन घंट्या थांबली, मग स्वयंपाकघरात गेली आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन आली. "सरक गा!" एका घावात कुलपाची कडी निखळली, दुसऱ्यात झाकण.

"बोल वं माय, बोल! ... काय खाल्लं? ... नुसती मुगाची खिचडी? ... अन् लोणचं देऊन नाही राहिले?" आणि ताई रडत रडत हसायला लागली. "लोणच्यासाठी भांडून राहिली गा! बरी हाय माही पोरगी, बरी हाय!"

एवढ्यात भाऊजी दारात. बगलेत मखमलीचं पुडकं, समोर सागवानाच्या ढलप्या. मला वाटलं, आता यांना भोवळ येणार. पण त्यांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. चपलांसकट आत आले, ताईने रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. "सुमे..." एवढंच म्हणाले, आणि पुढे नुसतं हो, हो. पुडकं केव्हा सुटलं कोण जाणे; त्या नव्या कोऱ्या मखमलीने ते डोळे पुसत होते. लाइन कटल्यावरही रिसीव्हर खाली ठेवेनात.

संध्याकाळी होल्डॉल सुटला. पेटी पुन्हा दुरुस्त झाली नाही. मखमलीचं ताईने सुमनसाठी पोलकं शिवून धाडलं, आणि दिवाळीला ती तेच घालून आली. वाळली होती, पण लोणच्याची बरणी शोधत थेट स्वयंपाकघरात शिरली.

आता भाऊजी नाहीत. ताईच्या घरात फोन उघड्यावर असतो आणि वाजला की पहिल्या घंटीला उचलला जातो. परवा भर उन्हात मी तिच्याकडे गेलो, तर फोनशेजारी एक कांदा. मी ताईकडे पाहिलं.

"हसू नको गा," ती म्हणाली. "त्याले ऊन लागते."