पाचव्या भागाची बाजू

शहरातल्या मोठ्या इस्पितळात फोन लावला की पलीकडून जो शांत, भरदार आवाज येतो, तो तिचा. कुणाला हाडांचा विभाग हवा असतो, कुणाला नुसता धीर हवा असतो, आणि ती दोन्ही देते. एकदा बोललेला माणूस वर्षभराने पुन्हा बोलला तरी ती विचारते, "काय साहेब, गुडघा काय म्हणतोय?" तो माणूस चाट पडतो. तिला दिसत नाही हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. आणि रविवारी दुपारी ती काय करते, हे तर तिच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी ती व्हिडिओ गेमवरून भांडायला जायची.

हे वेड लहानपणचं. वडिलांनी घरात गेमचं यंत्र आणलं तेव्हा पहिला रिमोट दादाने बळकावला आणि दुसरा तिच्या वाट्याला आला. त्याचं एक बटण अडकायचं. रडून काही उपयोग नाही हे कळल्यावर तिने ते बटण न वापरता जिंकायचं कसं ते शिकून घेतलं. दादा पुढे नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला आणि त्याचं वेड सुटलं. तिचं सुटलं नाही. आई मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत आली होती, "त्या डब्यापायी एक दिवस डोळे जातील."

आणि डोळे गेले. तिशी उलटल्यावर आधी कडेचं दिसेनासं झालं, मग संध्याकाळी चाचपडायला व्हायला लागलं, मग समोरचाही प्रकाश विझत गेला. हे घराण्यातून आलेलं आहे, खेळाचा याच्याशी काडीचा संबंध नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा समजावलं. आईने मान डोलावली, घरी आली, स्टुलावर चढली आणि गेमचं यंत्र गुंडाळून माळ्यावर टाकलं. तिच्यापुरता खटल्याचा निकाल लागला होता.

मिक्सर, पंखे, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींच्या दुकानामागच्या खोलीत या भांडणांचा अड्डा होता. खोलीत जुनी यंत्रं रचून ठेवलेली, सोल्डरिंगचा वास, आणि बसायला बसची काढून टाकलेली एक सीट. ती सीट आणली होती अड्ड्यातल्या ड्रायव्हरने. तो शहर बस चालवायचा. तिसरे होते दातांचे डॉक्टर. बाजारात नवं यंत्र आलं की पहिल्या आठवड्यात ते त्यांच्या घरी असायचं. चौथी ही. हिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत.

मिस्त्रींचं म्हणणं ठाम होतं. "कार्ट्रिज खोचलं, बटण दाबलं, खेळ सुरू. तुमच्या नव्या यंत्राला आधी इंटरनेट लागतं, मग अपडेट लागतं, मग ते विचारतं तुम्ही कोण. तोवर माझा एक राक्षस मारून होतो."

"तुमच्या यंत्रावर राक्षस कुठला आणि झुडूप कुठलं ते तरी कळतं का?" डॉक्टर विचारायचे. "हिरोचं नाक बघा. चार ठोकळे."

"नाकाशी काय करायचंय?" ड्रायव्हर म्हणायचा. "त्याला काय सर्दी झालीय?"

ऑपरेटरबाई कट्टर मिस्त्रींच्या पक्षातली. यंत्र जुनं ते सोनं, आणि खेळांत एकच खेळ खरा: दोन योद्धे समोरासमोर उभे राहून लढतात ती मालिका. तिचं मूळ नाव परभाषेतलं आणि लांबलचक होतं, म्हणून सगळे नुसतं 'ढाल-तलवार' म्हणत. पुढे जायचं, मागे सरायचं, उडी मारायची आणि वार कुठल्या बाजूला करायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. तिसरा भाग सर्वांत उत्तम यावर तिचं आणि मिस्त्रींचं एकमत. डॉक्टरांना सातवा आवडे. एका बाबतीत मात्र चौघांची तोंडं एका दिशेला असायची. पाचवा भाग भिकार. चेहरे कणकेच्या गोळ्यासारखे, रंग धुवट, गोष्टीला शेंडा ना बुडखा. सगळ्यांत जास्त तोंडसुख घेणारी हीच. "पाचवा बनवणाऱ्यांनी आधीचे चार कधी पाहिलेच नव्हते," असं ती म्हणायची.

दृष्टी पुरती गेल्यावर तिने अड्ड्यावर जाणं बंद केलं. ज्या ताटात आपल्याला वाढलं जाणार नाही तिथे पंगतीला का बसा, असं तिला वाटे. मग एका सकाळी इस्पितळाच्या थांब्यावर बस थांबली आणि वरून ओळखीचा आवाज आला.

"ऑपरेटरबाई, रविवारी या. डॉक्टर फार चढलेत. त्यांना उत्तर देणारं कुणी उरलेलं नाही."

"मी येऊन काय करू? मला दिसतं का आता?"

"भांडायला डोळे लागतात होय?" ड्रायव्हर म्हणाला आणि मागच्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागल्यावर निघून गेला.

ती गेली. बसच्या सीटवर बसली, हातात चहा घेतला आणि तासाभरात डॉक्टरांचा सातवा भाग जमीनदोस्त केला. मन हलकं झालं. त्या दिवशी डॉक्टरांनी आपलं नवं यंत्र आणि पाचव्या भागाची तबकडी आणली होती. यंत्राबरोबर दुकानदाराने ती त्यांच्या गळ्यात मारली होती. चेष्टा म्हणून त्यांनी ती लावली आणि ते ड्रायव्हरशी खेळायला बसले. मिस्त्रींनी कुणाचे तरी दोन मोठे स्पीकर नुकतेच दुरुस्त केले होते. ते नीट वाजतात का बघायला त्यांनी एक डाव्या भिंतीशी ठेवला, एक उजव्या, आणि यंत्राला जोडले.

ऑपरेटरबाई चहा पीत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "ड्रायव्हर, मागे कशाला सरताय? त्यांचा भाला आता पोचत नाही तुमच्यापर्यंत."

बटणांचा आवाज थांबला.

"तुम्हाला कसं कळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पावलं डावीकडे चाललीत ना. आणि भाला जमिनीवर घासतोय. उचललेला नाही."

मग मिस्त्रींनी दुकानाचं दार लोटून घेतलं, म्हणजे रस्त्याचा गलका आत येऊ नये. "डॉक्टर, उडी मारा," ते म्हणाले.

"मारली," ऑपरेटरबाई म्हणाली. "आणि दगडावर उतरले. आता गवतात आले."

ज्या भागाला त्यांनी वर्षानुवर्षं नावं ठेवली होती, त्यात चित्रं काढणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता खरा, पण आवाज करणाऱ्यांनी जीव ओतला होता. प्रत्येक शस्त्राचा नाद वेगळा. दगडावरचं पाऊल वेगळं, गवतावरचं वेगळं. योद्धा डावीकडून उजवीकडे गेला की त्याचा आवाजही डाव्या कानातून उजव्या कानात सरकायचा. तिच्या लाडक्या तिसऱ्या भागात यातलं काही नव्हतं. जुन्या यंत्राला एकच स्पीकर, आणि तलवार लागो की काठी, आवाज एकच: ठक.

"द्या इकडे," ती म्हणाली आणि तिने रिमोटसाठी हात पुढे केला.

त्या दिवशी ती सपाटून हरली. पुढचे कित्येक रविवार हरली. कोपऱ्यात सापडली की भांबावायची, भिंतीवरच वार करत बसायची. ड्रायव्हर तिला दयामाया दाखवत नव्हता आणि याबद्दल ती त्याची मनातून ऋणी होती. हळूहळू हात कानांचं ऐकायला लागले. डॉक्टरांनी आपलं यंत्र तिला घरी नेऊ दिलं. म्हणाले, माझ्याकडे दुसरं आहेच, आणि ते खरंही होतं.

आईने दारातच विचारलं, "पुन्हा तो डबा?"

"आई, आता जायला डोळे राहिलेत कुठे?"

आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरात लावली. पण घर लहान, खोल्या दोन. सरावाचे आवाज आईच्याही कानावर पडत होते. पुढे पुढे ती हातातलं काम घेऊन बाहेरच्या खोलीत बसायला लागली. आधी नुसती नजर टाकायची. मग म्हणायला लागली, "अगं, तो मेला उजवीकडे दबा धरून—"

"आई, सांगायचं नाही."

"बरं बाई," म्हणून आई ओठ मिटून घ्यायची. डोळ्यांना दिसत असलेलं न सांगणं हे तिच्यासाठी सर्वांत अवघड काम होतं आणि ते तिने निष्ठेने केलं.

दरवर्षी शहरातल्या वाचनालयाच्या सभागृहात ढाल-तलवारची स्पर्धा व्हायची. मालिकेचा कुठलाही भाग चालायचा. नाणं उडवायचं आणि जो जिंकेल त्याने भाग निवडायचा. ऑपरेटरबाईने नाव दिलं. संयोजकांनी विचारलं, काही वेगळी सोय करायची का? ती म्हणाली, "हेडफोन सगळ्यांनाच असतात ना? मग झालं." अड्डा झाडून हजर होता. आईही आली, ठेवणीतलं लुगडं नेसून.

पहिल्याच फेरीत कौल तिच्या बाजूने पडला. तिने पाचवा भाग मागितला तेव्हा सभागृहात हशा पिकला. समोर एक कुरिअरवाला तरुण होता. त्याने दोन वार खाल्ले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की बाई आवाजावर खेळताहेत. त्याने आपला योद्धा जागच्या जागी उभा केला आणि बटणावरून बोटंच काढून घेतली. ना पाऊल, ना श्वास.

तिच्या दोन्ही कानांत शांतता भरली. समोरच्या अंधारात तो कुठेही असू शकत होता. मग तिला आठवलं, तिच्या योद्ध्याच्या कमरेला छोट्या सुऱ्या आहेत. त्यांनी कुणाला ओरखडाही येत नाही, म्हणून त्या कुणी वापरत नाही. तिने एक सुरी डावीकडे फेकली. भिंतीवर टणकन आपटली. दुसरी उजवीकडे फेकली. खण्ण. ढाल होती. ती गवतातून सरळ त्या आवाजावर चालून गेली.

खेळ संपल्यावर तो तरुण जवळ आला. "मी मुद्दाम थांबलो होतो," तो चाचरत म्हणाला.

"कळलं मला. युक्ती चांगली होती."

"राग नाही आला तुम्हाला?"

"माझ्याशी कुणी युक्ती लढवलीच नसती, तर आला असता."

पुढचीही फेरी तिने मारली आणि ती उपांत्य फेरीत पोचली. आता हसत कुणी नव्हतं. समोर गणित शिकवणारे एक मास्तर होते, गेल्या वर्षीचे विजेते, तिसऱ्या भागाचे बादशहा. नाणं उडालं आणि मास्तर जिंकले. मग खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला आणि ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, आपण पाचवाच घेऊ. तिसऱ्यात तुम्हाला बाजू कळायची नाही. माझी काही हरकत नाही."

मोह झाला नाही असं नाही. पाचव्यात ती अंतिम फेरी गाठू शकत होती, आणि हे तिला ठाऊक होतं. माणूसही भला, मनापासून बोलत होता. पण तिच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

"नाणं तुमच्या बाजूने पडलंय, मास्तर. तुमचा हात तिसऱ्यात बसलेला आहे, तर तिसराच लावा. मीही त्याच्यावरच लहानाची मोठी झालेय."

"ठीक आहे. पण मग मी हात राखून खेळणार नाही."

"राखलात तर मला ऐकू येईल," ती म्हणाली.

मिस्त्रींनी जोडून दिलेलं जुनं यंत्र सुरू झालं आणि ओळखीची धून वाजली. पहिला डाव तिने आठवणीच्या जोरावर घेतला. कुठल्या उडीला किती वेळ लागतो, कुठला वार परत यायला किती अवकाश, हे तिच्या बोटांत मुरलेलं होतं. सभागृह उठून उभं राहिलं ते तिला खुर्च्यांच्या खडखडाटावरून कळलं. दुसऱ्या डावात मास्तर सावध झाले आणि तो त्यांनी घेतला. तिसऱ्या, शेवटच्या डावात ते तिच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेले. तिने पूर्ण ताकदीने वार केला, आणि तो रिकाम्या बाजूला पडला. ठक, ठक, ठक. संपलं.

मास्तरांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "पुढच्या वर्षी मी पाचवा शिकून येतो," ते म्हणाले. मागे डॉक्टर नाक ओढत होते आणि ड्रायव्हर त्यांना सर्दी झाली का म्हणून विचारत होता. ऑपरेटरबाई हसली.

घरी आल्यावर आईने पिशवी खाली ठेवायच्या आधी दादाला फोन लावला. ऑपरेटरबाई आतल्या खोलीत पाठ टेकून पडली होती. आईचा आवाज भिंतीपलीकडून स्वच्छ येत होता.

"हरली रे तुझी बहीण. हो, हरली. पण तू ऐक तर." मग सुऱ्या, ढाल, गवत, दोन कान असलेला पाचवा भाग आणि एक कान असलेला तिसरा, सगळं आईने सविस्तर समजावलं, मध्ये मध्ये दादाला गप्प करत. "अरे, ते मास्तर स्वतःहून म्हणाले, पाचवा घ्या. ही नको म्हणाली."

पलीकडून दादाने काहीतरी विचारलं असावं. आई पुन्हा बोलली तेव्हा, इतकी साधी गोष्ट या मुलाला कशी कळत नाही, असा तिचा सूर होता.

"का म्हणजे काय? नाणं त्यांच्या बाजूने पडलं होतं."