गच्चीवरचं अळू आणि खालची भिंत

अख्ख्या जयपुरात ओलीवर माया करणारा माणूस एकच असेल, आणि नेमके तेच आमचे घरमालक निघाले. मालवीय नगरात लोक उन्हाने करपतात. आमच्या बेडरूमच्या भिंतीला मात्र बारा महिने पाझर. आधी पोपडे सुटले, मग कोपऱ्यातून काळी बुरशी चढली, आणि कपाटातल्या कपड्यांना असा कुबट वास सुटला की ऑफिसला जाताना मी अंगावर अत्तर ओतायला लागले. काका मूळचे रत्नागिरीकडचे, रेल्वेतून इथेच निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून तळमजल्यावर एकटे. त्यांना वर बोलावून भिंत दाखवली, तर त्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुम्हा सोलापूरच्या लोकांना सवय नाही. आमच्याकडे श्रावणात असंच असतं." तेव्हा मार्च चालू होता.

इलाजाला मात्र त्यांची कधीच ना नसायची. कपाटात कापूर ठेवून झाला, खाटेखाली मिठाच्या वाट्या ठेवून झाल्या, कडुलिंबाची धुरी तर अशी दिली की शेजारचे भैया पाण्याची बादली घेऊन धावत आले. एकदा जुना रेनकोट चढवून काकांनी स्वतः चुना मारला; भिंतीपेक्षा काकाच जास्त पांढरे झाले. एका गोष्टीचं नाव तेवढं काढायचं नाही. आमच्या बेडरूमच्या बरोब्बर डोक्यावर, गच्चीत, त्यांनी विटा रचून चिखलाचा वाफा केला होता आणि त्यात गावाहून आणलेलं अळू डोलत होतं. बाजारात अरवीची, म्हणजे अळूचीच, पानं मिळतात म्हटलं, तर म्हणायचे, "ती खायची नाहीत. मतलब, बघायला ठीक आहेत." सकाळ-संध्याकाळ बादल्या घेऊन आमच्या दारावरूनच वर जायचे. पाणी तिथूनच झिरपतंय म्हटलं, की शांतपणे सांगायचे, "अळूला घातलेलं पाणी अळूच पितं." आणि रविवारी अळूवडीचं ताट वर यायचं. त्या वड्या इतक्या खमंग असायच्या की माझं भांडण दर वेळी सोमवारवर जायचं.

पावसाळ्यात लेकीचा खोकला हटेना. घरात ओल आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. वैशाली नगरात फ्लॅट बघितला आणि काकांना सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथले मालक कुठले?" म्हटलं, इथलेच, जयपूरचे. बरं म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर धपाधप आवाज. वर जाऊन बघते तर काका कुदळीने वाफा फोडत होते, आणि अळू मुळासकट कडेला पडलेलं. म्हटलं, "काका, अहो, एखाद्या कुंडीत तरी ठेवायचं."

"कुंडीत ठेवलं की मी पुन्हा वाफा करणार. मी ओळखतो मला." मग कुदळीवर टेकून म्हणाले, "मुलगा फोनवर हिंदीत बोलतो. नातवंडांचं तर बघायलाच नको. तुम्ही गेलात तर मी मराठीत बोलायचं कुणाशी?"

आम्ही राहिलो. गच्चीची नीट दुरुस्ती झाली, भिंत वाळली, लेकीचा खोकलाही गेला. काका आता रोज संध्याकाळी येतात आणि चहा घेत तासभर गप्पा मारतात. ऑफिसात सध्या माझ्या पुण्याच्या बदलीचं चाललंय. त्यांना सांगायला हवं, पण समोर बसले की सांगवत नाही.