देव होऊ न दिलेला दगड

केळापूरच्या पलीकडच्या एका गावात धर्मपाल जळालेल्या पंपांच्या मोटारी भरून देतो. हात सोन्याचा, जीभ मात्र तिखट. आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून या घरात दगडाला दगडच म्हणतात. गावात कुणाच्या अंगात आलं, की हा मुद्दाम जाऊन विचारायचा, "देवा, माह्या मोटरचा कंडेन्सर कधी येते, तेवढं सांग." तेव्हा गावाचं त्याच्यावर किती प्रेम असेल, ते सांगायला नको.

तर आभाळानं दगड टाकायचा तो नेमका याच्याच वावरात टाकला! भरदुपारी, ढगाचा पत्ता नसताना गडगडाट झाला आणि तुरीच्या ओळीत गुडघाभर खड्डा पडला. आत नारळाएवढा काळाकुट्ट दगड. धर्मपालनं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक लावलं, ते चिकटलं. तो तालुक्याला फोन लावतो तोच घनश्यामभाऊ शेंदराची वाटी घेऊन हजर! गावात नळ दोन, पण देव आठ. ते आठही यांनीच बसवलेले.

"हात लावाल त याद राखा!" धर्मपाल खेकसला. "तेल-शेंदूर लागला त तपासणी बोंबलते."

"कायले आडवा येऊन राह्यला? आभायातून आला तो देव नाही, त काय भजा आहे?"

"दगड आहे दगड! साहेबलोक तसा कागद देतीन. होळीपर्यंत कागद नाही आला, त बांध तुह्यं मंदिर माह्या वावरात!"

झालं! चारचौघांत शब्द गेला. बायकोनं, नलूनं, कपाळावर हात मारला. एवढंसं वावर, तेही नवऱ्यानं तोंडाच्या जोरावर पणाला लावलं.

शास्त्रज्ञ आले, दगड स्वच्छ राखला म्हणून धर्मपालची पाठ थोपटली आणि दगड घेऊन गेले. मग महिनोन्‌महिने चकार शब्द नाही. दगडाला कोट्यवधी वर्षांची सवय. त्याच्या साहेबांना कसली घाई? इकडे धुऱ्यावर, वावराच्या बांधाला लागून, मंदिराच्या विटा येऊन पडल्या. धर्मपालला अन्न गोड लागेना. पोस्टमन त्याला पाहून सायकल वळवू लागला.

होळीला तीन दिवस उरले आणि कागद आला. धर्मपालनं तो ग्रामपंचायतीपुढे, लाऊडस्पीकर लावून वाचला. पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. दगडी उल्का, कोंड्राइट जातीची. लोखंड कमी, म्हणून गट एल. आतले कण तापून एकजीव झालेले, म्हणून प्रकार सहा. वय सुमारे साडेचार अब्ज वर्षं.

"आयकलं? देव नाही, एल-सहा आहे!"

घनश्यामभाऊंनी हळूच टोपी काढली. "साडेचार अब्ज! आपला म्हसोबा त आज्याच्या वेळचा. भाऊ, आमी तरी दुसरं काय म्हनत होतो? वरून आला अन् धरतीएवढा जुना. आता त तुह्यं विज्ञानच म्हनून राह्यलं!"

धर्मपाल पैज जिंकला. त्याच्या वावरात एक वीट लागली नाही. मंदिर धुऱ्यापलीकडे, घनश्यामभाऊंच्या वावरात झालं. दगड प्रयोगशाळेत, म्हणून गाभाऱ्यात कागदाची झेरॉक्स बसवली, फ्रेम करून, हार घालून. बाहेर पाटी लागली : 'स्वयंभू श्री एल-सहा बाबा संस्थान. प्रथम दर्शनाचे मानकरी : धर्मपालजी.'

धर्मपालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पॉलिश पेपर घेऊन तो धावत गेला आणि आपलं नाव घासू लागला. दर्शनाच्या रांगेतली धुरपताबाई पुढं आली. त्याला वाटलं, म्हातारी आता शिव्या घालते. तिनं वाकून त्याचेच पाय धरले.

"तुह्यामुयंच बाबा घावले रे लेका," ती म्हणाली, आणि मागची रांग त्याच्याकडे वळली.