आज पहिल्यांदाच, मॅडम

बदलापूरच्या ज्या नव्या कॉलेजात मला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, त्याला स्वतःची इमारत नव्हती. ते एका शाळेच्या इमारतीत होतं; सकाळी तिथं शाळा भरायची आणि दुपारी त्याच बाकांवर आमचं कॉलेज. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. विनाअनुदानित हा शब्द नुकताच सगळ्यांच्या तोंडी झाला होता, आणि चार खोल्या मोकळ्या मिळाल्या की तिथं कॉलेजची पाटी लागत होती. आम्ही अंबरनाथला राहायचो. वडील तिथल्याच एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. बुद्धविहारामागच्या आमच्या चाळीतून सायन्सच्या पदवीला गेलेली पहिली मुलगी मी. त्यामुळे मी कॉलेजात गेले म्हणजे अख्खी चाळ गेली, असंच सगळे वागायचे.

प्रयोगशाळा म्हणून एक लांब खोली होती. टेबलांवर बर्नर बसवलेले होते, पण त्यांच्या नळ्या टेबलाखाली जाऊन तिथंच संपायच्या. सिलिंडर आणलेलाच नव्हता. केमिस्ट्रीचे सर तासिका तत्त्वावर यायचे. भले माणूस होते. ते फळ्यावर ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणांची काचनळी, काढायचे, टायट्रेशनमध्ये द्रावणाचा रंग कधी बदलतो ते सांगायचे, आणि शेवटी रीडिंग लिहून द्यायचे. आम्ही ती जर्नलमध्ये उतरवायचो. परीक्षाही तशीच झाली आणि आम्ही सगळे पास झालो.

माझ्या शेजारी बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातली मुलगी बसायची. घरची भातशेती, घरात मोठ्या भावाचा शब्द चालायचा. कॉलेज गावातून चालत येण्याजोगं होतं म्हणून तिला पाठवलं होतं, आणि ते ती कधी विसरायची नाही.

दुसऱ्या वर्षी कळलं की तिसऱ्या वर्षाच्या मान्यतेसाठी विद्यापीठाची समिती येणार आहे. आदल्या दिवशी एक टेम्पो आला. त्यातून काचेची सगळी उपकरणं उतरली, दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजातून एका दिवसासाठी मागून आणलेली. त्यांच्यावर त्या कॉलेजचं नाव होतं. त्यावर कोरे कागद चिकटवायचं काम आम्हा मुलींना दिलं. आम्ही ते केलं. मीही केलं, हे सांगायलाच हवं.

प्राचार्यांनी बजावलं होतं की कोणी विचारलं तर आठ-दहा प्रयोग झालेत म्हणायचं. घरी मी हे वडिलांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी एवढंच विचारलं की मग तुला येतं काय?

समितीत एक वयस्कर प्राध्यापक बाई होत्या. त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या. प्राचार्य त्यांच्या मागेच उभे होते.

"हे टायट्रेशन किती वेळा केलंयस?" त्यांनी विचारलं.

"आज पहिल्यांदाच, मॅडम. ब्युरेटही आजच हातात आलीय."

त्यांनी बर्नर पेटवायला सांगितलं. गॅसच नाही, मी म्हणाले. त्यांनी खाली वाकून नळी पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढं गेल्या. मला हलकं वाटत होतं.

दोन दिवसांनी संस्थेच्या अध्यक्षांनी मला वडिलांसकट बोलावलं. वडिलांना बसायला सांगितलं नाही. तुमच्यासारख्यांच्या दारात आम्ही कॉलेज आणलं, आणि तुमची मुलगी त्यावरच उलटली, असं ते बरंच काही बोलले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

"साहेब, मी ॲसिडच्या टाकीजवळ काम करतो," ते म्हणाले. "तिथं नुसतं वहीत बघून आलेला माणूस पाठवला, तर तो मरतो. माझ्या पोरीला कागद नको. तिला काम आलं पाहिजे."

तिसऱ्या वर्षाची मान्यता मिळाली नाही. आम्हाला उल्हासनगरच्या जुन्या कॉलेजात जावं लागणार होतं. वर्गातली निम्मी मुलं माझ्याशी बोलेनाशी झाली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचं शिक्षण तर घरूनच बंद झालं. उल्हासनगर लांब, तिथं आपलं कोण, असं भावाचं म्हणणं.

मी तिच्या गावी गेले. भाऊ ओटीवर बसला होता. तुझ्या खरेपणापायी हिचं शिक्षण गेलं, तो मला म्हणाला. तसं मलाही वाटत होतं. तेवढ्यात मैत्रीण आतून आली.

"हिच्यामुळं नाय गेला," ती भावाला म्हणाली. "दोन वर्षं आपल्याला फसवला त्यांनी. त्यांना इचारायला तू एकदा तरी गेलास?"

भावासमोर ती इतकं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. तो उठून निघून गेला. तिनं त्या दिवसापासून घरात बोलणं सोडलं. राबायची, पण बोलायची नाही. आठव्या दिवशी भावानंच उल्हासनगरचा फॉर्म आणून दिला.

तिथल्या पहिल्याच प्रॅक्टिकलला आम्ही दोघींनी मिळून तीन पिपेटी फोडल्या. सर हिंदीत वैतागले, दोन साल क्या किया? त्यानंतर सगळे गेल्यावर आम्ही थांबायचो आणि पहिल्या वर्षाचे प्रयोग पहिल्यापासून करायचो. प्रयोगशाळेचे सिंधी काका कुरकुरत का होईना, किल्ली हातात धरून बसून राहायचे. निकाल लागला तेव्हा मैत्रिणीला माझ्याहून जास्त मार्क होते. ती बदलापूरच्याच एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागली, आणि मी शिकवू लागले.

नव्वदच्या दशकात कर्जतच्या बाजूला अशी कॉलेजं आणखी वाढली. लोक म्हणायचे, निदान दारात आलं ना, तुम्ही लगेच चुका काढू नका. मला हे मान्य नव्हतं, आजही नाही. आमच्या घरात शिक्षण पहिल्यांदा येत होतं, म्हणून ते पोकळ चालेल असं कोणी ठरवलं? उलट आम्हालाच ते भक्कम हवं होतं. अडलं तर विचारायला आमच्या घरात आधी शिकलेलं कोणी नव्हतं.