डोंगराचं एक मत

सरकारी गाडीची धूळ उडताना दिसली की शेल रिज नावाच्या डोंगरधारेवरची माणसं झाडीत पळायची. मार्लिस हेगडॉर्न तेवढी फाटकाशी जाऊन उभी राहायची. हे धाडस तिच्यात कुठून आलं कोण जाणे, कारण आईबाप भित्रे होते. ती तान्ही असताना ते शहर सोडून कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या या डोंगरात आले. शेळ्या पाळल्या, त्या मेल्या. सफरचंदं लावली, ती अस्वलांनी खाल्ली. शेवटी शेजारीपाजारी लावत होते तोच गांजा लावला, आणि तो मात्र जगला.

मग बेकायदा गांजा पकडायला सरकारची हेलिकॉप्टरं यायला लागली. दर उन्हाळ्याच्या अखेरीला, पीक कापणीला आलं की. आवाज ऐकला की आई मार्लिसला ओकच्या झाडाखाली पालथी निजवायची आणि स्वतः तिच्या अंगावर पडायची. एका वर्षी बाप सापडला. अख्खा हिवाळा तुरुंगात काढून परत आला, आणि त्यानंतर मरेपर्यंत दाराकडे पाठ करून कधी जेवायला बसला नाही. मार्लिसनं हे सगळं पाहिलं होतं. म्हणूनच असेल, पळायचा तिला मनापासून तिटकारा होता.

तिनं लग्न केलं ते ड्वेनशी. लाकूडतोडीच्या गिरणीतला माणूस, गिरणी बंद पडल्यावर डोंगरात राहिलेला. कमी बोलायचा, आणि बोलला तरी बहुधा झाडांशीच. घराखालच्या उतारावर त्याची बाग होती. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यात गांजाच्या कळ्यांना बुरशी धरते, पीक हातचं जातं. ड्वेननं वर्षानुवर्षं बुरशी न धरणारी झाडं निवडून त्यांचंच बी राखलं होतं. आजूबाजूच्या टेकड्यांवर त्या बियाला मान होता. तो स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही.

अशात राज्यानं गांजा कायदेशीर केला. कोल्टर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळानं दवंडी पिटली, परवाना घ्या, कर भरा, उजळ माथ्यानं पिकवा. रिजवर अग्निशमन दलाच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे जमले. मार्लिस बाकावर उभी राहिली.

"आपल्या आईबापांनी जन्म घालवला लपण्यात," ती म्हणाली. "मला माझ्या घराला नंबर हवाय. चोर म्हणून नको, शेतकरी म्हणून मरायचंय मला."

सगळ्यात मागे ऑरिन पेटके बसला होता. तिच्या वरच्या वळणावर राहणारा, सत्तरी उलटलेला, एकटा माणूस. तो हसला. "पोरी, लांडग्याला आपल्या दाराची कडी कशी उघडते ते दाखवायचं नसतं."

"ऑरिन, लांडगा मेला आता. कायदा झालाय."

"कायदा झाला म्हणून लांडगा गवत खायला लागला का?"

लोक हसले. पण मार्लिसनं पिच्छा सोडला नाही. पुढचे कित्येक दिवस ती घरोघर फिरली, कॉफी प्यायली, वाद घातले. एकेक जण तयार झाला. सरतेशेवटी ऑरिननंही परवान्याच्या अर्जावर सही केली. सही करताना म्हणाला, "सरकारवर नाही हां, तुझ्यावर भरवसा ठेवून करतोय."

पहिल्या वर्षीच काय ते कळलं. कर होता लागवडीच्या जमिनीवर, चौरस फुटावर. पीक आलं काय, जळालं काय, विकलं गेलं काय, कर तेवढाच. त्या वर्षी पलीकडच्या रांगेत वणवा पेटला, धुरानं कळ्या काळवंडल्या, कुणी विकत घेईना. कर द्यावाच लागला. पुढच्या वर्षी पीक उत्तम आलं, पण तोवर सगळ्या राज्यानं गांजा लावलेला, भाव धाडकन कोसळला. कर कोसळला नाही. परवाना म्हणाल तर तो कधी पक्का झालाच नाही. दरवर्षी नवा तपासनीस यायचा. एक म्हणायचा तळं खोल करा, दुसरा म्हणायचा तळं बुजवा. एकानं रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणारा नळ बदलायला लावला, पुढच्यानं विचारलं, हा नळ कुणाच्या परवानगीनं बदललात?

आणि ज्यांनी सह्या केल्याच नव्हत्या, ते खालच्या दरीत पूर्वीसारखेच पिकवत होते. त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. तपासनिसांच्या हातात नकाशा होता तो सह्या केलेल्यांचा.

मार्लिस दर मंगळवारी काउंटीच्या मुख्य गावी, एल्कफोर्डला, मंडळाच्या सभेला जायला लागली. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळत. ती मुद्द्यावर येईपर्यंत घंटी वाजायची. अध्यक्ष गॉर्डन प्रिविट, गुरांचा मोठा मालक, चष्म्यावरून बघत म्हणायचा, "वेळ संपली, मार्लिसबाई. पुढच्या मंगळवारी या, तुमचीच वाट बघत असतो आम्ही."

या टोमण्यानंच तिला निवडणुकीला उभं केलं असं लोक म्हणत. डोंगर एक झाला आणि ती निवडून आली. शेडमध्ये मोठ्या पातेल्यात राजमा घालून मटण शिजलं, मक्याचा पाव झाला, कुणी गिटार आणली. ऑरिननं ग्लास वर केला. "आपला एक हात गेला मंडळात!"

पहिल्या सभेच्या आधी काउंटीच्या वकीलबाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. कॉर्विन त्यांचं नाव. स्वभावानं वाईट नव्हत्या, पाणीबिणी विचारलं.

"तुमच्याकडे गांजाचा परवाना आहे," त्या म्हणाल्या. "त्यामुळे तो विषय निघाला की तुम्हाला सभागृहाबाहेर जावं लागेल. मतही देता येणार नाही आणि बोलताही येणार नाही."

मार्लिसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "त्यासाठीच तर लोकांनी पाठवलंय मला."

"तुमचा त्यात फायदा आहे ना. हितसंबंध म्हणतो आम्ही."

"प्रिविटची एवढी गुरं आहेत. चराईचा विषय निघाला की तो जातो बाहेर?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "गुरंवाले खूप आहेत हो. कायद्याच्या नजरेत ती जनता. परवानेवाले मोजके, म्हणून तुमचा तो धंदा."

"आम्हीही खूप होतो," मार्लिस म्हणाली. "तुम्ही मोजके केलंत."

पण नियम तो नियम. गांजाचा विषय पुकारला की ती उठायची आणि बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर जाऊन बसायची. दाराआडून आवाज यायचे, शब्द कळायचे नाहीत. आत तिच्याच डोंगराचं भवितव्य ठरायचं, आणि ती समोरच्या भिंतीवरचे जुन्या अध्यक्षांचे फोटो बघत बसायची. रिजवर कुजबुज सुरू झाली. दुकानात एका बाईनं तोंडावरच विचारलं, "काय गं, बाक मऊ आहे का तिथला?"

वर्षभर तिनं ते सोसलं. मग एका वसंतात, ड्वेन रोपं बाहेर लावायच्या तयारीत असताना, ती बागेत उतरली.

"परवाना परत केला तर मला मत देता येईल," ती म्हणाली.

ड्वेन वाफ्यात गुडघ्यावर बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. "मग माझ्या नावावर घेऊ."

"विचारलं. नवऱ्याचा पैसा तो बायकोचाच धरतात."

"म्हणजे बाग बंद."

"दोन वर्षं. कर खाली आणते, मग परत अर्ज करू. मी पायउतार झाले की."

त्यानं हाताची माती झटकली. मग म्हणाला, "तुझ्या एका मतासाठी माझी पंचवीस वर्षं?"

"ड्वेन, असंही कर भरायला काही उरलेलं नाही. पुढच्या वर्षी तेच आपल्याला बंद करतील."

"ते करतील तेव्हा करतील," तो म्हणाला. "त्यांनी केलं असतं तर मला त्यांना शिव्या तरी घालता आल्या असत्या."

तरी त्यानं केलं. तयार रोपं त्यानं ऑरिनच्या बागेत नेऊन लावून दिली, बियांच्या बाटल्याही त्याच्याच तळघरात ठेवल्या, कारण परवान्याशिवाय घरात एक बी सापडलं असतं तरी मार्लिसवर बालंट आलं असतं. त्या उन्हाळ्यात उतारावर नुसतं गवत वाढलं.

आता मार्लिस आत बसू लागली. पण पाच जणांचं मंडळ. एक सदस्य तिच्या बाजूचा, दोन कट्टर विरोधातले, आणि मधे प्रिविट. त्याच्या मताशिवाय काही होण्यासारखं नव्हतं. ती त्याच्या मागे लागली, आकडे दाखवले, त्याला रिजवर नेऊन उजाड बागा दाखवल्या. शेवटी एका सभेच्या आधी, व्हरांड्यातल्या त्याच बाकाशी, प्रिविट कॉफीचा कप घेऊन तिच्याजवळ आला.

"कर निम्मा करायला मी तयार आहे," तो म्हणाला. "पण नवे परवाने बंद करायचे. कायमचे. आहेत तेवढे राहू देत, एकही नवा नाही. माझ्या लोकांना मलाही काहीतरी दाखवावं लागतं, मार्लिस."

"नवे बंद झाले तर आम्ही—"

"तुझा परवाना तू आपणहून परत केलास. मी मागितला होता का?"

"हे तू मुद्दाम करतोयस, गॉर्डन."

"मी सौदा करतोय. नको असेल तर नको म्हण. कर आहे तसा राहील, मला त्यातही अडचण नाही."

दार उघडलं, सभा सुरू झाली. सभागृह रिजवरच्या लोकांनी भरलं होतं. ड्वेन भिंतीशी उभा होता, टोपी हातात. ठराव वाचला गेला, आधी कर निम्मा करण्याचा भाग, मग परवाने बंद करण्याचा. दुसरा भाग वाचला तेव्हा ड्वेननं मान वर केली. मार्लिसनं त्याच्याकडे पाहिलं. नाही म्हण, असं त्यानं नजरेनं जरी सांगितलं असतं तरी कदाचित तिनं हात खाली ठेवला असता. त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि बाहेर गेला.

पुढच्या रांगेत ऑरिन बसला होता. सावकाराच्या दारात बसल्यासारखा, पुढे वाकून. मार्लिसनं हात वर केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी तिला मिठी मारली. बाहेर आली तेव्हा ड्वेन गाडीत बसून होता, काच वर करून. घरापर्यंतच्या वळणावळणाच्या रस्त्यात तो एवढंच म्हणाला, "दगडापेक्षा वीट मऊ. डोकं आपलंच फुटलं."

तेही एकवेळ सोसलं असतं, डोंगर वाचला असता तर. पण निम्मा झाला तो पुढचा कर. मागची थकबाकी तशीच उभी होती. मार्लिस वकीलबाईंकडे गेली, तर त्या म्हणाल्या, सार्वजनिक पैसा कुणाला माफ करता येत नाही, ती खिरापत ठरेल. दक्षिणेकडून आलेल्या एका कंपनीनं खोऱ्यात काचघरं उभारली होती, आणि रिजवरचे बुडीत निघालेले परवाने ती एकेक करून विकत घेत होती. कर निम्मा झाल्याचा सगळ्यात मोठा लाभ तिला झाला. शिवाय आता नवा परवाना कुणालाच मिळणार नव्हता, म्हणजे तिला स्पर्धाही उरली नाही. त्या हिवाळ्यात काउंटीनं कर घटल्याचं कारण सांगून रिजवरची रुग्णवाहिका एल्कफोर्डला हलवली. तेही खापर मार्लिसच्या माथी फुटलं.

ऑरिननं थकबाकीपोटी जमीन कंपनीला विकली. सामान गाडीत भरलं जात होतं तेव्हा मार्लिस त्याच्याकडे गेली. हातात पावाचं भांडं होतं, ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.

"ऑरिन, मला असं वाटलं नव्हतं रे."

म्हातारा पायरीवर बसून बूट बांधत होता. "माझ्याकडे वीस वर्षं हेलिकॉप्टरं आली, पोरी," तो म्हणाला. "झाडं नेली, पंप नेला, एकदा मलाही नेलं. जमीन कुणी नेली नव्हती."

तळघरातल्या बाटल्यांचं काय झालं ते विचारायचा तिला धीर झाला नाही. ड्वेननंही कधी विचारलं नाही.

पुढच्या निवडणुकीत ती पडली. रिजवर तिला मिळाली ती मतं बोटांवर मोजण्याइतकी. पायउतार झाल्यावर ती परवान्याच्या खिडकीशी गेली. मिळणार नाही हे तिला पाठ होतं, तरी गेली, कारण ड्वेनला तिनं शब्द दिला होता. खिडकीत एक नवी मुलगी होती, तिला ओळखत नव्हती.

"नवे परवाने बंद आहेत, मॅडम."

"काही सूट? आधी परवाना होता आमचा."

मुलीनं खरंच कीव येऊन मान हलवली. "काहीच नाही हो. भलताच कडक नियम करून ठेवलाय. रोज कुणी ना कुणी रडत जातं इथून."

मार्लिसनं तिचे आभार मानले आणि जिना उतरली.

ड्वेन आता खोऱ्यातल्या काचघरात कामाला जातो. ताशी मजुरी, डोक्यावर जाळीची टोपी, हातात रबरी मोजे. तिथं धुकं नाही, बुरशी नाही, माती तर नाहीच. झाडं पाण्यात उभी असतात आणि यंत्र त्यांना खाऊ घालतं. त्याचं काम वाळलेली पानं खुडायचं. मुकादम विशीतला आहे, त्याला "आजोबा, जरा हात चालवा" म्हणतो. हे ड्वेननंच एकदा जेवताना सांगितलं, आणि सांगून हसला.

मार्लिसला ते हसणं सहन होत नाही. त्यानं एकदा भांडावं, ताट भिरकावावं, असं तिला फार वाटतं. तसं तिनं एकदा बोलूनही दाखवलं.

"भांडून काय करू?" ड्वेन म्हणाला. "तू मत दिलंस ते बरोबरच दिलंस. सगळ्यांचा विचार केलास." मग डबा उचलला, दारात बूट घातले आणि कामाची वेळ झाली म्हणून निघून गेला.