भुरीचं औषध

फकिरा रामटेके बालाघाटात मीटर रीडर होते. गल्लोगल्ली फिरून विजेची मीटरं वाचायची, हीच आयुष्यभराची नोकरी. त्यात दोनदा कुत्र्याने पिंढरी फोडली, इंजेक्शनं घ्यावी लागली. तेव्हापासून बारकं पिल्लू आडवं आलं तरी ते रस्ता बदलत.

त्यांच्या बायकोच्या, शांताबाईंच्या, रामपायलीच्या माहेरी अंगणात कुत्री कायम असायची. लग्नानंतर त्यांनी एकदाच विषय काढला. नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पुन्हा काढला नाही.

रिटायर झाल्यावर एका सकाळी चहा पिता पिता फकिराच म्हणाले, "तुले कुत्रं पायजे होतं नं? आन मंग."

"तुमाले चालन?"

"मी हात नाही लावणार. बाकी तुयं तू पाह्य."

तयारी मात्र त्यांनीच केली. कूलरची जमिनीवर लोळणारी वायर उचलून भिंतीला ठोकली. कपाटाखालच्या उंदराच्या गोळ्या काढून टाकल्या. स्वयंपाकघराच्या दारात आडवी फळी बसवली, म्हणजे आपल्याला एक जागा तरी मोकळी राहील. शांताबाईंनी पोत्यात जुनी लुगडी भरून अंथरूण शिवलं. मग त्यांचा भाऊ हेमराज मोटरसायकलवर पिशवीत घालून पिल्लू घेऊन आला. भुऱ्या रंगाची मादी होती, म्हणून नाव भुरी.

खाणं झालं की शांताबाई तिला लगेच अंगणात नेत. तरी ती घरात मुतायचीच. त्या पुसून घेत. फकिरा फळीमागे बसून पेपर वाचत.

पुढे हेमराजची सून बाळंत झाली. शांताबाईंना रामपायलीला जावं लागलं. भात कालवून वाटी पुढे सरकवायची, एवढंच त्या सांगून गेल्या. फकिरा ती काठीने सरकवत. दुसऱ्या दिवशी वाटी तशीच राहिली. भुरीचं पोट फुगलं होतं आणि ती डोळे उघडत नव्हती. त्यांनी फोन लावला. शांताबाई म्हणाल्या, संध्याकाळच्या बसने निघते.

तोवर थांबायचं की नाही, याचा फकिरांनी थोडा वेळ विचार केला. मग भुरीवर टॉवेल टाकला, टॉवेलसकट तिला उचललं आणि ऑटोत बसले. वाटेत तिने त्यांच्या कोपरात तोंड खुपसलं. ते बाहेर बघत राहिले.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोटात जंत आहेत. औषधाची बाटली हलवत त्यांनी सांगितलं, "काका, मुँह पकड़िए."

दुसरं कोणी धरेल का, असं फकिरांनी विचारलं. कोणी नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी तिचा जबडा धरला. अर्धं औषध तिच्या पोटात गेलं, अर्धं शर्टावर सांडलं. डॉक्टरांनी पुन्हा भरून दिलं, तेव्हा नीट गेलं.

शांताबाई आल्या तेव्हा भुरीने थोडा भात खाल्ला होता. दवाखान्यात कोणी नेलं, असं त्यांनी विचारलं.

"कोन नेईन?" फकिरा म्हणाले. "मीच गेलतो."

शांताबाईंनी तो शर्ट भिजत घातला.

फकिरा अजूनही परक्या कुत्र्याला पाहून रस्ता बदलतात. भुरीला मांडीवर घेत नाहीत, लाडाने हाक मारत नाहीत. पण शांताबाईंच्या हातून ती औषध घेत नाही, तोंड फिरवते. ते काम फकिरांकडे आहे.