सोनू मेश्राम की सुनंदा?

सकाळचं कोवळं ऊन नागपूर विमानतळाच्या काचांवर पसरलं होतं आणि मी दारातच अडकले होते. नर्सच्या नोकरीसाठी आयर्लंडला निघाले होते. दिल्लीपर्यंतचं तिकीट बाबांनी रामदासपेठेतल्या एका दुकानातून काढलं होतं आणि नाव सांगताना त्यांच्या तोंडून घरातलंच नाव गेलं होतं. तिकिटावर सोनू मेश्राम, पासपोर्टवर सुनंदा. आमच्यापैकी कोणीच ते नीट पाहिलं नव्हतं.

"साहेब, ही माही पोरगी आहे," बाबा दारावरच्या जवानाला म्हणाले. "मी बाप सांगून राहिलो ना. आणखी काय पायजे तुमाले?"

जवान शांतपणे म्हणाला, "बाबूजी, आप पहचानते हैं, मैं नहीं. जिसका टिकट है वही बैठे, बस इतना देखना है. अंदर सब इसी भरोसे बैठे हैं."

बाबांचा चेहरा लाल झाला. शेजारच्या विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट तपासला, दोन-तीन फोन केले. हे विमान चुकलं असतं तर दिल्लीहून पुढचंही गेलं असतं. अखेर दुरुस्त तिकीट हातात आलं. बाबांनी त्यावरचं नाव हळूहळू मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "जाय वं. पोचली की फोन करजो."

आत गेल्यावर मी वळून पाहिलं. काचेत झाडं, आभाळ, गाड्या मिसळून गेल्या होत्या आणि त्या सगळ्यातून बाबांचा हात पाण्याखाली हलावा तसा हलत होता.

आता आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, इस्पितळाच्या वॉर्डमध्ये रोज सकाळी औषध देण्याआधी मी पेशंटला नाव विचारते, जन्मतारीख विचारते, मनगटावरच्या नावाच्या पट्टीशी ताडून पाहते. खिडकीजवळचे एक आजोबा एकदा वैतागले. महिनाभर ओळखतेस ना मला, म्हणाले. मी म्हटलं, मी ओळखते, पण तुमची गोळी चुकून दुसऱ्याला जायला नको. बोलता बोलता मला तो जवान आठवला.

त्या संध्याकाळी फोनवर मी हे बाबांना सांगितलं.

"बरोबरच होतं त्याचं," ते म्हणाले.

"मग तेव्हा काहून तापले होते, बाबा?"

"त्यानं तुले अडवलं तं मले घडीभर बरं वाटलं होतं. मले माहाच राग आला, पोरी."

गेल्या हिवाळ्यात सुट्टीवर आले. वाटेत कितीदा पासपोर्ट दाखवला, आठवत नाही. नागपूरला बाहेर पडताना मात्र कोणीच काही विचारलं नाही. समोर बरीच माणसं उभी होती. त्यांच्यात मी बाबांना शोधत राहिले. पांढऱ्या केसांचा, जरासा वाकलेला एक माणूस पुढे आला, त्याने माझ्या हातातली बॅग घेतली आणि घरी, मनीषनगरला जाणाऱ्या ऑटोकडे चालू लागला.

तेव्हा कुठे मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला दुरूनच ओळखलं होतं. कागद न बघता मला ओळखणारं एक माणूस, माझं घर आता तेवढंच आहे.